सावरघाटची ओटी

पुढाऱ्यांचे किस्से सांगायला बसलं की एक पंचाईत होते. एकाला हात घातला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि दुसऱ्याच्या मागे तिसरा उभाच असतो. आमच्या गोंडपिपरीत पोस्टाजवळच्या हॉटेलात तर दर पावसाळ्यात हा खेळ ठरलेला आहे. आभाळ भरून आलं की कुणीतरी पेपर आपटून म्हणतं, "पाहा, तिकडे लोकं बुडून राह्यले अन् आमदारसायेब घरी बसले हायेत." चार दिवसांनी तोच माणूस तोच पेपर आपटतो, "पाहा, लोकं बुडून राह्यले अन् आमदारसायेब फोटो काढाले गेले."

मग सगळे माझ्याकडे बघतात. "मास्तर, तुमीच सांगा. पुढाऱ्यानं अशा वक्ताले घरी बसावं का जावं?"

मला विचारतात, कारण मी भाऊंजवळ होतो. भाऊ म्हणजे स्वराज्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत निवडून आलेले आमचे आमदार. त्याआधी ते शाळेत हेडमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. ते निवडून आले आणि अर्ज-विनंत्या लिहायला मलाही शाळेतून उचलून घेऊन आले. आमचं बिऱ्हाड चार माणसांचं. भाऊ, त्यांच्या पत्नी सगुणाबाई, ज्यांना सारं गाव नुसतं 'बाई' म्हणे, लष्कराच्या लिलावातली जीप चालवणारे करीमभाई, आणि मी. भाऊंना मूलबाळ नव्हतं. म्हणून की काय, बाई आम्हा तिघांवरही एकसारख्याच ओरडत.

उत्तर माझ्याजवळ नाही, असं मी हॉटेलातल्या मंडळींना सांगतो. किस्से आहेत. चहा सांगा.

*

पहिल्याच पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि पलीकडचं गाव शाळेत जाऊन बसलं. भाऊंनी टोपी घातली. "मी गेलो नाई तं लोकं काय म्हनतीन?"

बाई चुलीपासून म्हणाल्या, "गेले तरी म्हनतीनच. जेवून जा."

भाऊ जेवायला थांबले नाहीत. नाल्यावर करीमभाईंनी जीप उभी केली आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, ये जीप है, डोंगा नहीं." भाऊ म्हणाले, घाल. करीमभाईंनी अल्लाचं नाव घेऊन घातली. मधोमध जीप बसली ती बसलीच. पाणी सीटवर आलं तेव्हा भाऊ बॉनेटवर चढले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, खाली पिवळं पाणी. लांबून बघणाऱ्याला कुणाची तरी मूर्ती विसर्जनाला आणल्यासारखं वाटलं असेल.

शाळेतल्या लोकांनी हे पाहिलं. बिचारे आपली लेकरं, गाठोडी सोडून दोर घेऊन धावत आले आणि छातीभर पाण्यात उतरून त्यांनी आमची जीप ओढली. दुपार त्यातच गेली. तोवर शाळेच्या पडवीत ठेवलेले तांदूळ वळचणीखाली भिजून गेले. गावानं वाचवलेली तेवढीच कोरडी वस्तू होती.

एक म्हातारी ते तांदूळ हातात घेऊन उभी होती. भाऊ पाया पडायला वाकले तर त्यांच्या डोक्यावर ओलाच हात ठेवून म्हणाली, "पुढच्या पुराले नोको येजो बापा. आमचं आमी पाहून घेऊ. तुयं कोन पाह्यन?"

भाऊ हा किस्सा पुढं सभांतून हसून सांगत. पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. बाईंनी विचारलं तर म्हणाले, लोकांचे तांदूळ खाऊन आलो.

*

त्याच पुराचं पाणी उतरल्यावर नागपूरहून एक मंत्री पाहणीला आले. कुठलं गाव दाखवायचं? रस्त्याला जवळ म्हणून सावरघाट ठरलं. सावरघाट वैनगंगेच्या काठावर आहे. पुढे नदी, मागे नाला, आणि नाल्याच्या अलीकडे एक टेकडी. नदी चढली की नाला भरतो आणि गाव मधोमध अडकतं. तिथला डोंगेवाला सोमाजी. एका अख्ख्या झाडाचा कोरलेला त्याचा डोंगा, तोच गावाचा पूल.

पाहुणा येणार म्हणजे कमान पाहिजे. कमानीशिवाय मंत्री आत कसा घ्यायचा? गावात चिखल एवढा की बांबू रोवला की आडवा होई. शेवटी कुणाला तरी गावाच्या तोंडाशी दोन पक्के सागवानी खांब उभे दिसले. झाली सोय. आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या, फारच शोभिवंत दिसायला लागलं.

मंत्री खालून गेले, वर बघितलं आणि म्हणाले, "वा, इतक्या संकटातही तोरण सुंदर केलंत."

सोमाजीची बायको जना तिथंच उभी होती. हात जोडून म्हणाली, "तोरन नाई जी. घर व्हय ते माह्यं."

मंत्र्यांना ते नीट कळलं नसावं. ते हसले आणि पुढं गेले. भाऊ मात्र मागे राहिले आणि एकेक टाळा स्वतःच्या हातानं सोडवून काढत बसले. जना म्हणाली, "राहू द्या जी. दोन दिवस तं चांगलं दिसन."

*

या दोन प्रकारांनंतर भाऊंनी नेम केला. पुरात आपण घरी बसायचं. पोस्टाच्या ओट्यावर बसून तारा करायच्या, तांदूळ कुठं पडून आहेत ते शोधायचं, डोंगे कुणाचे मोकळे आहेत ते बघायचं. जो येईल त्याला आपण जागेवर सापडलो पाहिजे. आणि खरं सांगतो, काम दुप्पट होई. चिखल तुडवत एक माणूस आला होता, तो भाऊंना ओट्यावर बघून मटकन खाली बसला. म्हणाला, "तुमी जाग्यावर सापडले हे देवानं बरं केलं. कुठी शोधलं असतं तुमाले?"

पण विरोधकांना हे कळून उपयोग नव्हता. एका सकाळी दारात पुडी पडलेली. आत हिरव्या बांगड्या, दोन डझन. घरात लपून बसणाऱ्या पुरुषाला द्यायचा आहेर. भाऊंचा चेहरा काळाठिक्कर पडला. करीमभाई तर जीपचा हँडल घेऊन कोणाला शोधायला निघाले होते.

बाई बाहेर आल्या. पुडी उचलली. एक डझन तिथंच दारात बसून हातात चढवल्या, हात उजेडात धरून पाहिला. "माप बराबर हाय," म्हणाल्या. "ज्यानं देल्ल्या त्याले सांगजा, छान हायेत." उरलेल्या डझनाची पुडी पुन्हा बांधून त्यांनी देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली.

"हे काऊन ठेवतेस?" भाऊ म्हणाले.

"पुढच्या पुराले लागतीन," बाई म्हणाल्या. "तुमी तवाही घरीच बसान ना?"

भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसले. बाईंचं एक मात्र होतं. बाहेर पूर असला की त्या घरात कढई चढवत नसत. पाऊस लागला की आपल्याला भजी आठवतात, मलाही आठवली. मी एकदा बोलून गेलो. बाई म्हणाल्या, "मास्तर, लोकायच्या चुली इझल्या हायेत. आपल्या तेलाचा वास कुठवर जाते, मालुम हाय का?" तेव्हापासून पावसात भजी समोर आली की मी बशी पुढं सरकवतो. तुम्ही खा.

*

घरी बसायचा नेम भाऊंनी पहिल्यांदा मोडला तो पुरासाठी नाही, वादळासाठी. उन्हाळ्याच्या तोंडावर एटापल्लीकडे वादळ झालं. ते काही भाऊंच्या मतदारसंघात नव्हतं, पण तिकडचे आमदार दौऱ्यावर होते आणि जंगलात झाडं पडून रस्ते बंद झालेले. आम्ही जीप सोडून चालत माडिया लोकांच्या एका पाड्यावर पोचलो. निम्मी छपरं उडालेली. माणसं काही न बोलता लाकडं ओढत होती.

बरोबरच्या फॉरेस्ट गार्डनं गोंडीत सांगितलं की हे मोठे साहेब आहेत, निवडून आलेले. गावच्या म्हाताऱ्या गायत्यानं, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यानं, भाऊंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं. गार्ड सांगायला लाजला. भाऊ म्हणाले, सांग. "तो विचारतो, यांना झाड उचलता येतं का?"

भाऊंनी लगेच कोट काढला. पहिल्याच ओंडक्याला त्यांची कंबर धरली. मग छपरावर गवत फेकायला गेले, ते त्यांच्याच अंगावर आलं. बायका पदराआड हसायला लागल्या. शेवटी गायत्यानं त्यांना दंडाला धरून मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवलं आणि गावातली सगळी तान्ही पोरं आणून त्यांच्याभोवती ठेवली. आया मोकळ्या झाल्या, काम भराभर झालं. भाऊ संध्याकाळपर्यंत तिथं बसले. एक मांडीवर, एक खांद्यावर, एक टोपी चघळणारं.

घरी आल्यावर मी हे रंगवून सांगितलं. करीमभाईंनी टोपी चघळायची नक्कल केली. बाई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "इतके होते, तं एखादं घेऊन याचं होतं."

बाई उठून पाणी आणायला गेल्या.

*

आता ओटीचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

सावरघाटला पूर आला असं म्हणत नसत. 'लेक आली' म्हणत. वैनगंगा त्या गावची लेक. ती काठ चढून मारुतीच्या पारापर्यंत आली की लेक माहेरी आली. आता लेक दारात उभी असताना घर टाकून पळायचं असतं का? तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड तिच्या पदरात, म्हणजे पाण्यात सोडायचं. मगच गावानं उठून टेकडीवर जायचं. ओटी भरायची गावच्या मोठ्या घरच्या बाईनं, म्हणजे मालगुजारीणबाईनं. आणि एक गोष्ट. जी ओटी भरेल तिनं सगळ्यांच्या शेवटी निघायचं. माहेरवाशीण पाटावर बसलेली असताना ओटी भरणारी कशी उठेल?

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, मालगुजार बायको-मुलांसह नागपूरला गेला. निवडणुकीत भाऊ सावरघाटच्या पारावर उभे राहून म्हणाले होते, "आजपासून मालगुजाराच्या जागी मले समजा." टाळ्या पडल्या. भाषणात माणूस बोलतो. पण सावरघाटनं ते मनावर घेतलं.

नंतरच्या एका पुरात सोमाजी धापा टाकत आला. "लेक आली जी. चाला." भाऊंनी नेम बाजूला ठेवला, छत्री उचलली. सोमाजी म्हणाला, "तुमी नाई. बाई."

"अरे, आमदार मी हाव."

"हाव, मालुम हाय. असा ना तुमी आमदार. पर ओटी बायाच भरतेत."

बाईंचं माहेरही नदीकाठचंच. त्यांना समजवायची गरज पडली नाही. त्या गेल्या. पाराशी घोटाभर पाणी होतं. ओटी भरली, गाव शिस्तीत टेकडीवर गेलं, आणि शेवटच्या खेपेला बाई डोंग्यात बसून आल्या. ओलं लुगडं, हातात त्याच हिरव्या बांगड्या. मागोमाग आलेले भाऊ टेकडीवर रागानं लाल झाले होते. "तू आधी काऊन नाई निंगाली?"

"तुमच्या मायनं शिकवलं नाई का? ओटी भरून पाठ फिरवाची नसते."

उन्हाळ्यात भाऊ मुद्दाम सावरघाटला गेले आणि तासभर बोलले. पाणी चढलं की आधी टेकडी, मग ओटी. सगळे मान डोलवत होते. भाऊंना वाटलं, पटलं. मग एक म्हातारा म्हणाला, "बराबर हाय तुमचं. पर भाऊ, तुमच्या घरी लेक आली अन् तुमी मांगच्या दारानं निंगून गेले, तं चालन का?"

भाऊंच्या घरी लेक यायचीच नव्हती. भाऊ जीपमध्ये येऊन बसले.

*

मग तो मोठा पूर आला.

त्या पावसाळ्याच्या आधी चांद्याला एक बैठक झाली होती. भाऊंनी तिथं उठून सांगितलं होतं की पुराच्या वेळी निवडून आलेल्या कुणीही घर सोडू नये. आपण गेलो की डोंगा आपल्यासाठी अडतो, लोक आपल्या मागं धावतात, चार माणसं आपल्याच काळजीत गुंततात. जीप ओढणाऱ्या लोकांचा किस्सा सांगितला. सगळे हसले आणि सगळ्यांना पटलं. तसा हुकूमच निघाला. भाऊंना त्याचा मोठा अभिमान होता, आणि का नसावा? पुढाऱ्यांनी दुसऱ्या पुढाऱ्यांना घरी बसवलं, हे काय रोज होतं?

पाऊस लागला तो थांबेचना. आम्ही पोस्टाच्या ओट्यावर होतो. बाई भाऊंचं जेवण तिथंच घेऊन आल्या होत्या. सोमाजी आला तो नखशिखांत चिखलानं भरलेला. "लेक आली," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "घाईनं आली जी. पारावर चढून राह्यली. गाव बसून हाय."

भाऊ उठले. "मी येतो. एकेकाले हात धरून काढतो." चपला घातल्या आणि पायरीवर थांबले. त्यांच्या तोंडाकडे मी बघत होतो. हुकूम त्यांनीच मागितलेला. आज आपण गेलो तर उद्या सगळे जातील, डोंगे अडतील. आणि गेलो तरी सावरघाट आपलं ऐकणार नाही, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी चपला पुन्हा काढल्या.

तोवर बाई डबा ठेवून घरी जाऊन आल्यासुद्धा होत्या. हातात गाठोडं. त्यातून नारळ दिसत होता.

"तू नोको जाऊ," भाऊ म्हणाले. "हुकूम हाय."

"हुकूम पुढाऱ्यायले हाय ना?" बाई म्हणाल्या. "मले कोनं निवडून देल्लं?"

सगळे हसले. पोस्टमास्तर हसले, करीमभाई हसले, मी हसलो. भाऊसुद्धा हसले. आता आठवलं की ते हसणं मला सहन होत नाही.

करीमभाईंनी जीप टेकडीपर्यंत नेली. बाई वाटेत करीमभाईंना त्यांच्या घरच्या पोरांच्या खोकल्यावर काढा कसा करायचा ते सांगत होत्या. सोमाजीनं त्यांना डोंग्यात घेतलं. आम्ही दोघं टेकडीवर थांबलो. तिथून गाव स्वच्छ दिसे. बाई पाराच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या, लुगडं खोचलं, वाकून ओटी सोडली. ती सोडली आणि सगळं गाव एकदम उठलं. म्हणजे नुसती त्या एका गोष्टीचीच वाट बघत होतं. सोमाजीचा डोंगा जायचा, यायचा. म्हातारे आले, बाळंतीण आली, शेळ्या आल्या. जना शेवटच्या माणसांबरोबर आली. ती मागे वळून वळून बघत होती, कारण आता पारावर एकट्या बाईच बसल्या होत्या.

सोमाजी त्यांना आणायला वळला आणि वरून ओंडके आले. कुठला तरी लाकडाचा डेपो फुटला असावा. सागाचे ओंडके, एकामागून एक, नाल्यातून. त्यात डोंगा घालणं म्हणजे डोंगा आणि माणूस दोन्ही गमावणं. सोमाजी काठाला डोंगा धरून उभा राहिला आणि ओरडत होता, "थांबा बाई, आलो." बाईंनी हात वर केला. ऐकू आलं असं दाखवायला असेल.

ओंडके सरले तेव्हा पार दिसत नव्हता. सोमाजी तरीही गेला. बराच वेळ शोधत राहिला. परत आला तेव्हा डोंगा रिकामा होता. डोंगा वर ओढायला जनानं नुसता हात लावला.

आम्ही परतलो तेव्हा भाऊ दारातच उभे होते. करीमभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. भाऊंनी मला विचारलं, "गाव निंगालं?"

मी म्हणालो, "निंगालं."

"सगळं?"

"सगळं."

भाऊंनी समाधानानं मान हलवली. मग ते जीपच्या मागच्या बाजूला गेले आणि आत बघितलं.

*

पुढच्या निवडणुकीला भाऊ उभे राहिले नाहीत. लोक येऊन बसत, समजावत. भाऊ ऐकून घेत. पुढाऱ्यानं पुरात घरी बसावं का जावं, हा विषय निघाला की ते उठून आत जात. त्यांचा तो हुकूम चांगला होता, असं मला आजही वाटतं. पण ते त्यांना कुणी सांगायचं? माझी कधी हिंमत झाली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सकाळी पोस्टमास्तर सांगत आले की वैनगंगा चढते आहे. मी भाऊंकडे गेलो. ते देवळीसमोर उभे होते. वळले आणि म्हणाले, "चाल मास्तर. आता आपल्याले कोनता हुकूम?"

करीमभाईंनी टेकडीशी जीप थांबवली. आम्ही पाहिलं तर अख्खं सावरघाट टेकडीवर बसलेलं. शेळ्या, गाठोडी, म्हातारे, सगळे. खाली पाणी अजून पाराच्या पायरीलाही लागलं नव्हतं. इतक्या लवकर गाव निघालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ओटी?" भाऊंनी विचारलं.

"भरली जी," जना म्हणाली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. "मीच भरली. खालच्या काठावर जाऊनच भरली. बाई चढून येतीन, त्यायले काऊन तरास द्याचा?"

भाऊ खाली चढत्या पाण्याकडे बघत राहिले. जना पुढं म्हणाली, "अन् शेवटाले नाई थांबलो. म्हटलं, बाई, तुमी बसा, आमी लेकरं घेऊन निंगतो. दुसरं कोनी असतं तं रागावलं असतं. बाई नाई रागावत." मग तिनं भाऊंच्या डोक्यावरून गळणारं पाणी बघितलं. "तुमी घरी जा भाऊ. पावसात काऊन उभे राह्यले? बाई आल्या हायेत, आमी पाहतो त्यायचं."

भाऊंनी कोटाच्या खिशात हात घातला आणि एक पुडी काढली. कागद जुना झाला होता, दोराही तोच. जनाच्या हातावर ठेवली. तिनं सोडून पाहिली. हिरव्या बांगड्या होत्या, एक डझन.

"बाईनं ठेवल्या होत्या," भाऊ म्हणाले. "पुढच्या पुरासाठी."

जनानं त्या पदरात घेतल्या आणि तिला पुन्हा बाईंपाशी न्यायचं म्हणून सोमाजी डोंगा सोडायला उठला.